बर्फाचा आकडा सांगणारं मशीन

मशीन आजारी असलं की मला काळजी नसते. आजारी मशीन कण्हतं, तापतं, उगाच खोळंबतं, आणि कुठे दुखतंय ते त्याच्या नोंदींमध्ये लिहून ठेवतं. आपण फक्त वाचायचं. पण स्वानविकच्या रेडिओचा तो म्हातारा सर्व्हर काही म्हणजे काही सांगत नव्हता. चांगला बोलता बोलता पटकन मरायचा, आणि थोड्या वेळाने आपला आपण उठून, ‘काय झालं? मी तर इथेच होतो,’ असा बसायचा. असल्या साळसूदपणाची मला भयंकर चीड येते. माझा पहिला नवरा तसा होता.

मी स्लावका. सरोवराकाठच्या गावांमधली जुनी मशीनं मी सांभाळते. वाचनालयातली, शाळेतली, पतपेढीतली. शहरातली पोरं ज्यांना हात लावायला लाजतात ती सगळी माझ्याकडे येतात. स्वानविकला मला डीसाअम्माने बोलावलं. तिचं नाव थोर्डिस, पण तसं तिला कोणी म्हणत नाही. आइसलँडहून आलेल्यांचं गाव ते, तिथे अम्मा म्हणजे आजी, आणि ती गावाची आजी. काचबिंदूने तिची दृष्टी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

तिची खोली कोळ्यांच्या हॉलच्या मागच्या बाजूला. एक टेबल, एक मायक्रोफोन, भिंतीशी जुन्या कपाटाएवढा तो सर्व्हर, आणि खिडकीबाहेर सरोवर. सरोवर म्हणजे काय, हिवाळ्यात नुसता पांढरा रंग. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. थंडी फार पडली की सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य उगवतात, आणि बर्फ खालून गातो. खरंच गातो. लांबून कोणीतरी दार लोटल्यासारखा एक सूर येतो, तुमच्या पायाखालून जातो, आणि पलीकडच्या किनाऱ्याला निघून जातो. त्या खोलीत बसलं की मला जागेपणीच झोप लागल्यासारखं व्हायचं.

डीसाअम्माचा कार्यक्रम दुपारी असतो. बर्फावर जाळी टाकायला गेलेले लोक भोक पाडतात, बर्फ किती इंच जाड आहे ते मोजतात आणि तिला फोन करतात. ती आकडा मशीनमध्ये टाइप करते. मशीन तो तिला वाचून दाखवतं, पडसं झालेल्या पोपटासारख्या आवाजात. मग ती माइकवर सांगते: जागा, इंच, मोजणाऱ्याचं नाव. मधूनमधून एखादं गाणं. सगळ्या काठावरचे लोक ते ऐकतात आणि मगच गाड्या बर्फावर घालतात. मशीन कार्यक्रमाच्या मध्येच मेलं की सगळ्यांच्या गाडीत नुसती खरखर.

“शुक्रवारी दुपारी परत बंद पडलं,” डीसाअम्मा म्हणाली, “तर सोमवारी गार्थ ते उचलून नेणार. कार्यक्रम शहरातून होणार म्हणे.”

गार्थ पंचायतीचा माणूस. वाईट नव्हता, पण गावभरच्या शिव्या तो खात होता आणि त्याला कंटाळा आला होता.

“मग तुम्हाला नवीन यंत्र देतील की,” मी म्हटलं.

“दाखवलं त्याने. नुसती काच आहे. काचेवर बोट फिरवून मला काय कळणार, काच गार आहे एवढंच ना? या मशीनचं प्रत्येक बटण माझ्या बोटांना ओळखतं, स्लावका. हे गेलं की मी घरी बसले. घरी बसले की संपलंच.” हे तिने असं सांगितलं की जणू उद्या बर्फ पडणार आहे. तिचं तसंच असतं.

म्हणून मी कामाला लागले. आधी नोंदी वाचल्या. शेवटची ओळ नेहमीची, आणि त्यापुढे काहीच नाही. चूक नाही, तक्रार नाही, बंद होतोय असा निरोपसुद्धा नाही. मशीनवरची लिनक्स प्रणाली बोलकी असते, मरताना दोन शब्द तरी बोलतेच. जो काहीच न बोलता मेला त्याला बोलायला वेळच मिळाला नव्हता. तरी मी मेमरी तपासली. हार्ड डिस्क तपासली. आत एवढी धूळ होती की त्यात बटाटे लावता आले असते, ती काढली. पंखे बदलले. आतला वीज देणारा डबा बदलला, मनात म्हटलं, आता मर बघू. मंगळवारी तो परत मेला. मी त्याला एक लाथ मारली. डीसाअम्माने आवाज ऐकला.

“लागलं का?”

“त्याला की मला?”

“त्याला गं. तू धडधाकट आहेस.”

बुधवारी मशीन मेमरीची लांबलचक तपासणी करत बसलं होतं आणि आम्हाला काही काम नव्हतं. ऊन तिरकं आत आलं होतं. डीसाअम्मा साखरेचा खडा दातांत धरून त्यावरून कॉफी पीत होती, तिकडची जुनी माणसं पितात तशी. मशीन गुणगुणत होतं, बाहेर बर्फ गुणगुणत होता, आणि मला तंद्रीत वाटत होतं की ते दोघे एकच गाणं अर्धं अर्धं म्हणतायत. तेव्हा मी तिला सहज विचारलं, की भिंतीवरच्या नकाशात सगळ्या जागा आहेत, मग ओढ्याच्या तोंडाचा, तो सरोवराला मिळतो तिथला, आकडा ती कधीच कसा सांगत नाही.

“तिथे कोणी जात नाही,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “एनार तिथे गेला. माझा नवरा. परत आला नाही. स्काप्टीने सांगितलं होतं, जा, चांगला जाड आहे.”

“स्काप्टी कोण?”

“माझा भाऊ. पाठचा.”

“आणि मोजलं कोणी होतं?”

“कोणीच नाही! नुसतं बघून सांगितलं. आमच्याकडे सगळे तसंच करायचे तेव्हा, बाप्ये लोक. बघायचं आणि म्हणायचं, धरेल.” तिने कप खाली ठेवला. “त्या हिवाळ्यानंतर मी हा कार्यक्रम सुरू केला. नावाशिवाय आकडा घेत नाही. आणि हॉलमध्ये कॉफी प्यायची असेल तर आधी भोक पाडून, मोजून यायचं. पाद्रीसुद्धा मोजून येतो.”

“आणि स्काप्टी?”

“त्याने त्यानंतर बर्फावर पाय ठेवला नाही असं म्हणतात. मी बोलत नाही त्याच्याशी. की तोच बोलत नाही, आता आठवतही नाही.”

तपासणी संपली. मेमरी ठणठणीत होती. मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या.

एक गोष्ट मात्र लक्षात आली होती. मशीन मरायचं ते कडाक्याच्या थंडीच्या दिवशी, आणि कार्यक्रमाच्याच वेळी. जरा उबारा असला की तक्रार नाही. आता थंडीने मशीन मरत नाही, उलट खूश होतं. कोरड्या हवेत लोकरीतून उडणारी ठिणगी असेल म्हणून मी डीसाअम्माला मोजे काढायला लावले. ती दिवसभर अनवाणी बसली आणि मला टोमणे मारत राहिली. “पुढे काय, दात काढून ठेवू का?”

गुरुवारी थंडी अशी होती की श्वास घेतला की नाकात काटे. खोटे सूर्य दोन्ही बाजूंना. मी सकाळी येताना दुकानातून एक दिव्याचा बल्ब आणला होता, कारण डीसाअम्माच्या खोलीतला बल्ब कधीचा गेलेला, तिला त्याचं काय, आणि मी डोक्याला बॅटरी बांधून टेबलाखाली रांगून वैतागले होते. बल्ब लावला. कार्यक्रम सुरू झाला. मी भिंतीला टेकून बसले. गाणं लागलं होतं, जुनं, जाळी ओढताना म्हणायचं. माझे डोळे मिटायला आले होते, आणि त्या अर्ध्या झोपेत मला दिसलं की खोलीतला उजेड किंचित खाली बसला. कोणीतरी लांब उसासा टाकावा तसा. टेबलाखालच्या यूपीएसमध्ये टक् असा आवाज झाला. आणि मशीन मेलं.

मी ताडकन उठले. “डीसाअम्मा! हा टेबलाखालचा डबा कधी ओरडायचा का?”

“कोण, तो पिपाणीवाला? फार ओरडायचा मेला. माइकवर जायचं सगळं. लोक फोन करून विचारायचे, अम्मा, तुमच्याकडे पक्षी शिरलाय का? मग मी त्याचं तोंड बंद करून घेतलं.”

घ्या! तिथेच सगळं होतं. यूपीएसची आतली बॅटरी कधीच मेली होती. वीज जरा दबली की तो शहाणा डबा भिंतीची वीज तोडून आपल्या बॅटरीवर जायचा, आणि बॅटरी नव्हतीच. म्हणजे राखणदारच गळा दाबत होता. तो ओरडून सांगत होता, तर रेडिओवाल्यांनी प्रसारणात नको म्हणून त्याला गप्प केलं. आणि मंदावणारा दिवा दिसायला त्या खोलीत दिवा लावणारं कोणी नव्हतं.

पण वीज दबत का होती? इतकी, आणि याच वेळी? मी जाडजूड पार्का कोट चढवला आणि बाहेर गेले. हॉलच्या पुढच्या बाजूला गाड्यांची रांग, प्रत्येकीच्या नाकातून लोंबणारी वायर भिंतीतल्या सॉकेटात खोचलेली. आमच्याकडे थंडीत इंजिन असंच उबेला ठेवतात, नाहीतर संध्याकाळी गाडी दगड होते. ती सॉकेटं वेगळी, नवीन. मी हॉलला वळसा घालून मागे गेले. मागच्या भिंतीत, डीसाअम्माच्या खोलीच्या बरोबर बाहेर, एक जुनं सॉकेट होतं, आणि त्यात एक वायर खोचलेली. ती बर्फातून जात जात मासळीच्या शेडमागे गेली होती. मी तिच्या मागे मागे गेले.

शेडमागे एक करडा ट्रक उभा होता. इंजिन बंद. आत एक म्हातारा, कानटोपीत, पायाशी छोटासा विजेचा हीटर. दर थोड्या वेळाने तो हीटर चालू होत असणार आणि डीसाअम्माच्या भिंतीतली सगळी वीज ओढून घेत असणार. ट्रकच्या रेडिओतून खरखर येत होती. म्हातारा त्या खरखरीकडे टक लावून बघत होता. मी काच ठोठावली.

“काय करताय इथे?”

त्याने काच खाली केली. डोळे पाणावलेले होते, थंडीने असतील. “जातोच आहे,” तो म्हणाला. “बंद झालंय.”

त्याचं नाक, त्याची हनुवटी सगळं डीसाअम्माचं. मला विचारायची गरज नव्हती, पण मी विचारलं. “तुम्ही स्काप्टी?”

“तिला सांगू नकोस.”

“रोज येता?”

“घरी ऐकतो. पण फार थंडी असली की...” तो अडखळला. “थंडीत तिचा आवाज जरा घोगरा होतो. तेव्हा वाटतं जवळ जाऊन ऐकावं. ट्रकमध्ये काय, तसाच येतो आवाज, पण भिंत एवढीशीच आहे ना मध्ये.” त्याने हातमोज्याने रेडिओ बंद केला. “मी आलो की ती बंद करते. नेहमी नाही. बऱ्याचदा.”

“कोण बंद करतं?”

“डीसा. तिचे कान फार तीक्ष्ण. माझ्या ट्रकचा आवाज ओळखत असेल. मी आलोय हे कळलं की बंद करते. बरोबर आहे तिचं.”

हा माणूस थंडीत इथे येऊन बसायचा, बहीण आपल्या तोंडावर दार लावते असं समजायचा, आणि तरी परत यायचा. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी त्याच्यावर ओरडले, “अहो, ती कशाला बंद करतेय! तुमचा हीटर बंद करतोय! तुमच्या या दळभद्री हीटरपायी मी चार दिवस मशीनची आतडी काढून बसलेय!”

त्याने हीटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत हीटरकडे. त्याने वाकून त्याचं बटण दाबलं आणि हात तसाच बटणावर ठेवून बसून राहिला.

“तिला सांगू नकोस,” तो परत म्हणाला.

“मी खोटं बोलत नाही,” मी म्हटलं. “मशीनशीसुद्धा नाही.”

आत येऊन मी डीसाअम्माला सगळं सांगितलं. वीज, बॅटरी, वायर, ट्रक. त्याला काय वाटत होतं तेही. मशीन उठलं होतं, गाणं परत लागलं होतं. तिने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“मी बंद करते? त्याला वाटलं मी...?”

“हो.”

“आणि तरी यायचा?”

“हो.”

“मूर्ख आहे,” ती म्हणाली. “पहिल्यापासून मूर्ख.” मग तिने तोंड खिडकीकडे केलं, जिकडे तिला काही दिसत नव्हतं. बराच वेळ खिडकीतला तो पांढरा उजेड तिच्या चेहऱ्यावर नुसता पडून राहिला. मला वाटलं, आता उठेल, बाहेर जाईल. ती उठली नाही. “त्याला म्हणावं, मागे लपून बसायचं नाही. हॉलमध्ये ये. पण आकडा घेऊन ये. नियम सगळ्यांना एकच.”

मी तो निरोप शेडमागे नेला. स्काप्टी ट्रकमधून उतरला, वायर गुंडाळली, नीट, खांद्यावर घालून वेटोळं केलं, आणि ट्रक घेऊन निघून गेला. मी तिथेच उभी राहून स्वतःला म्हटलं, बाई गं, हे काय केलंस. ज्या माणसाने त्या दिवसानंतर बर्फावर पाय ठेवला नाही त्याला तू बर्फावर जायला सांगून आलीस.

शुक्रवारी मी मेलेला यूपीएस उचलून कचऱ्यात टाकला. माझ्याकडचा चांगला आणला, आणि मशीनची वीज स्वयंपाकघराच्या बाजूने घेतली. आता मागच्या सॉकेटात अख्खं गाव खोचलं असतं तरी फरक पडला नसता. दुपारी गार्थ आला. कोट न काढता दाराशी उभा राहिला, घड्याळाकडे बघत.

“बसा की,” मी म्हटलं.

“नको, बघून जातो.”

“बघून जायची इथे बंदी आहे,” डीसाअम्मा म्हणाली, आणि माइक चालू केला.

कार्यक्रम सुरू झाला. उत्तरेची खाडी, एकवीस इंच, मोजणारा अमुक. बेटाच्या पाठीमागे, एकोणीस. मशीनचा पोपट बोलत होता, ती बोलत होती, मधे गाणं झालं. मी दिव्याकडे बघत होते. दिवा हलला नाही. मला वाटलं, आता एवढं संपलं की घरी जाऊन मी चार दिवस झोपणार.

तेवढ्यात दार उघडलं. स्काप्टी. गुडघ्यापर्यंत बर्फ, पापण्यांवर बर्फ, हातात बर्फाला भोक पाडायचा लांब गिरमिट. हॉलमधले लोक त्याच्यामागे येऊन थांबले होते. त्याने गार्थला ओलांडलं आणि टेबलासमोर उभा राहिला. माइक चालू होता. त्याला ते कळलं नसावं, किंवा कळलं असावं.

“ओढ्याचं तोंड,” तो म्हणाला. “चौदा इंच. स्काप्टी ब्योर्नसन.”

डीसाअम्माची बोटं बटणांवर होती. ती हलली नाहीत. प्रसारणात शांतता पसरली. ती शांतता एवढी वाढली की मी सवयीने मशीनकडे वळले, मेलं वाटतं परत! गार्थनेही मान वळवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर ‘झालं’ असं उमटलं. पण मशीन चालू होतं. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, पंखे फिरत होते, ते एकेक क्षण इमानेइतबारे बाहेर पाठवत होतं. काठावरच्या सगळ्या गाड्यांत, सगळ्या स्वयंपाकघरांत ती शांतता जात होती. मी गार्थचा हात धरला आणि नकारार्थी मान हलवली.

“भोकं किती पाडलीस?” डीसाअम्माने विचारलं. माइकवरच.

“एक.”

“एकावर भागतं?”

“नाही,” स्काप्टी म्हणाला. “नाही भागत.”

“मग जा. किनाऱ्याकडचं एक, मधलं एक, आणि जिथे... तिथलं एक. पट्टी लावून मोज. डोळ्यांनी नको.”

“बरं, डीसा.”

तो वळला. त्याच्यामागचे दोघेतिघे आपापल्या टोप्या कानांवर ओढत त्याच्याबरोबर निघाले. खिडकीतून मला ते दिसले, पांढऱ्यात चालत गेलेले, आधी माणसं, मग ठिपके, मग नुसता पांढरा रंग. बर्फाने एकदा सूर धरला आणि सोडला.

डीसाअम्माने हेडफोन नीट केले. “ओढ्याच्या तोंडाशी स्काप्टी ब्योर्नसन मोजायला गेलाय,” ती माइकवर म्हणाली. “आकडा आल्याशिवाय तिकडे कोणी जायचं नाही. आणि माझा भाऊ परत आल्याशिवाय हा कार्यक्रम संपणार नाही.”

गार्थने कोट काढला, खुर्ची ओढली आणि बसला.